सीमा आखणं वेगळं, अबोला धरणं वेगळं

"मी बोलत नाहीये, कारण मी माझी बाउंड्री आखली आहे." हे वाक्य हल्ली बऱ्याच घरांत ऐकू येतं. बाहेरून पाहिलं तर सीमा आखणं आणि अबोला धरणं या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. फोन उचलला जात नाही, जेवताना शब्द नाही, फॅमिली ग्रुपवर निळ्या खुणा उमटतात पण उत्तर येत नाही. मनावरचा परिणाम मात्र अगदी उलट असतो, म्हणून हा घोळ सोडवायला हवा.

एक बहीण-भाऊ घ्या. थोरला भाऊ दर थोड्या महिन्यांनी पैसे मागतो, "पुढच्या पगाराला देतो" म्हणतो आणि देत नाही. धाकटीच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. एक दिवस तिचा संयम संपतो.

समजा तिने अबोला धरला. भावाचे फोन ती उचलत नाही. राखीपौर्णिमेला "बरं नाही" असा आईकरवी निरोप जातो. भाऊबीजेला ओवाळते, पण नजर वर करत नाही. भाऊ अंदाज बांधत बसतो: आपली बायको काही बोलली का? गावच्या जमिनीवरून रुसली का? आई दोघांमध्ये निरोप्या होते आणि दोन्हीकडचं ऐकून घेते. मूळ पैशांचा विषय या सगळ्यात एकदाही निघत नाही.

आता समजा ती बोलली. "दादा, यापुढे मी तुला उसने पैसे देणार नाही. मुलांची फी अडली तर सांग, मी परस्पर शाळेत भरेन. पण हातात रोख देणार नाही. आणि रविवारी जेवायला या सगळे." दादा चिडेल, कदाचित दोन टोमणेही मारेल. पण काय बिघडलंय, ती काय करणार आहे आणि नातं कुठे उभं आहे, हे तिन्ही त्याला कळलं. अबोल्यात यातलं एकही कळत नाही.

तिचं वाक्य बारकाईने पाहा. ते फक्त तिच्या स्वतःच्या वागण्याबद्दल आहे. "तू पैसे मागायचे नाहीत" किंवा "तू उधळपट्टी बंद कर" असं ती म्हणाली असती, तर तो हुकूम झाला असता. मागणं भावाच्या हातात आहे, देणं तिच्या. तो चिडला म्हणून तिची सीमा चुकीची ठरत नाही आणि त्याची समजूत काढत बसण्याची जबाबदारीही तिच्यावर येत नाही.

अबोल्याचं तसं नसतं. त्याचा सगळा डोलारा समोरच्यावर उभा असतो. तो कधी ओळखतोय, कधी नमतोय, कधी माफी मागतोय, यावर डोळे लावून बसावं लागतं. अबोला धरणारी व्यक्ती दिवसभर स्वयंपाक करते, ऑफिसला जाते, पण मन तिथेच अडकलेलं असतं. मला तर वाटतं, सीमा आखल्यावर जो मोकळेपणा येतो तो इथे कधीच मिळत नाही.

आणि समोरच्याला काय होतं? किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने वाळीत टाकलं जाण्यावर अनेक वर्षं संशोधन केलं. त्याच्या प्रयोगात माणूस कॉम्प्युटरवर दोघांबरोबर चेंडू फेकण्याचा साधा खेळ खेळतो, आणि थोड्या वेळाने ते दोघे त्याच्याकडे चेंडू टाकणंच थांबवतात. एवढ्यानेही आपलेपणाची भावना आणि स्वतःबद्दलचा विश्वास खाली येतो. २००३ साली याच खेळादरम्यान मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा शारीरिक वेदनेशी जोडलेला एक भाग सक्रिय झालेला दिसला. अनोळखी माणसांनी खेळात वगळलं तर ही गत, मग स्वतःच्या घरातल्या माणसाने दिवसेंदिवस वगळलं तर काय होत असेल!

गप्प राहण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याला अबोला म्हणणं अन्यायाचं ठरेल. भांडण तापलं की काहींच्या तोंडून शब्दच फुटत नाही. जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत जोडप्यांचा अभ्यास करताना पाहिलं की अशा वेळी हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेलेले असू शकतात. तेव्हा ऐकून घेणं आणि विचार करणं दोन्ही अवघड होतं. शांत व्हायला किमान २० मिनिटं द्यावीत, असं ते सांगतात. "मला आत्ता बोलता येत नाही, रात्री जेवणानंतर बोलू," एवढं सांगून उठलं तर ती सीमा. काहीच न सांगता दार आपटून गेलं आणि चार दिवस तसेच काढले, तर समोरच्यासाठी तो अबोलाच.

आपल्याकडे अबोला इतका रुजलेला का, याचं एक उत्तर मला साल्वादोर मिनुचिन यांच्या मांडणीत सापडतं. कुटुंबोपचाराच्या या तज्ज्ञाने १९७४ साली लिहिलं की काही घरांत माणसांमधल्या सीमा पुसट असतात, काहींत अगदी कडक. स्पष्ट तरीही लवचीक सीमा या दोन टोकांच्या मधे असतात. आपण वर्षानुवर्षं पुसट सीमांत राहतो. पगार किती, पाळणा कधी हलणार, वजन का वाढलं, सगळं सगळ्यांनी विचारायचं आणि हसून सोसायचं. मग एक दिवस असह्य होतं आणि थेट भिंत उभी राहते. "काकू, या विषयावर मी बोलणार नाही" हे छोटं वाक्य पहिल्या वर्षीच म्हणता आलं असतं, तर भिंतीपर्यंत गोष्ट गेली नसती.

पण म्हणता येणं हेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. हातात पैसा नाही, माहेरचा आधार नाही, उलट बोललं की घर डोक्यावर घेतलं जातं, अशा सुनेकडे अबोल्याशिवाय दुसरं असतंच काय? तिला "नीट संवाद साध" म्हणून उपदेश करणं मला पटत नाही. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वर्षानुवर्षं तिचं नाव न घेणारे वडील मात्र वेगळे. त्यांना बोलता येत होतं. त्यांनी शिक्षा निवडली.

जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे हे सगळे निकष बाजूला ठेवा. तिथे न सांगता निघून जाणं, नंबर ब्लॉक करणं हे स्वतःचं रक्षण आहे. कारण समजावून सांगण्याचं कुठलंही देणं लागत नाही. घरातल्या हिंसेविरुद्ध स्त्रियांसाठी २००५ चा कायदा आहे. मनावरचा ताण पेलेनासा झाला तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

बाकीच्या घरांत आत्ता अबोला चालू असेल, तर माफी मागितल्याशिवायही तो सोडता येतो. "मी इतके दिवस बोलले नाही, कारण पाहुण्यांसमोर तू माझ्या पगारावरून बोललास. पुन्हा तसं झालं तर मी तिथून उठून जाईन. चहा टाकतेय, घेणार का?"