होल्डिंग द बॉल आणि होल्डिंग द मॅन: शिट्टी एकच, गुन्हेगार वेगळा

मेलबर्नला एमसीजीवर फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, बघायला पहिल्यांदा गेलेल्या आपल्या माणसाला पहिल्या क्वार्टरमध्ये बाकी काही कळो न कळो, एक गोष्ट नक्की ऐकू येते. कोणीतरी कोणाला तरी मिठी मारून खाली पाडतो आणि अख्खं स्टेडियम एका सुरात ओरडतं, "बॉऽऽऽल!" म्हणजे अंपायर साहेब, ह्यानं बॉल धरून ठेवलाय, आम्हाला फ्री किक द्या. मग शिट्टी वाजते, आपण पण टाळ्या वाजवायला हात उचलतो, आणि बघतो तर फ्री किक मिळालीय ज्याला पाडलं त्यालाच, पाडणारा हात पसरून उभा, आणि शेजारचा स्कार्फवाला काका तोंडाला येईल ते बोलतोय. हा सगळा घोळ दोन नियमांचा आहे, होल्डिंग द बॉल आणि होल्डिंग द मॅन. नावं जुळ्या भावांसारखी असली तरी फ्री किक बरोब्बर उलट्या बाजूला जाते.

ज्यांनी हा खेळ बघितलाच नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगतो. अंडाकृती मैदान, क्रिकेटचंच ग्राउंड बहुतेक वेळा, एका टीमचे 18 जण आत, ऑफसाइड वगैरे भानगड नाही. बॉल हातात घेऊन पळता येतं पण 15 मीटर झाले की एकदा टप्पा पाडायचा किंवा जमिनीला टेकवायचा. पास करायचा तर लाथ मारायची नाहीतर हँडबॉल, म्हणजे एका तळहातावर बॉल ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारायचा. फेकायचा नाही, फेकला की फ्री किक गेली. आणि ज्याच्याकडे बॉल आहे त्याला टॅकल करता येतं, खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, पाठीत ढकलून नाही. ज्याच्याकडे बॉल आहे त्यालाच, हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण ह्या एका गोष्टीवर आहे.

होल्डिंग द बॉलमध्ये दोषी असतो बॉलवाला. त्याला नियमात बसेल असं टॅकल केलं आणि त्यानं बॉल नीट सोडला नाही, तर फ्री किक टॅकल करणाऱ्याला. होल्डिंग द मॅनमध्ये दोषी पकडणारा, कारण त्यानं अशा माणसाला धरलं ज्याच्याकडे बॉल नव्हताच, किंवा होता पण आता गेला. कबड्डी बघत मोठे झालेल्या आपल्याला पकड कळते, पण कबड्डीत चढाईला आलेला आपल्या अंगणात आला की त्याला पकडायची मोकळीकच असते, इथे मात्र पकडायचा हक्क बॉलबरोबर फिरतो, ह्या सेकंदाला आहे, पुढच्या सेकंदाला नाही.

आता होल्डिंग द बॉल जरा खोलात घेऊ कारण खरी गंमत तिथे आहे. बहुतेक लोकांना वाटतं की अंपायर बघतो की बॉल सुटला का नाही. तसं नाहीये. अंपायर सगळ्यात आधी स्वतःला विचारतो की टॅकल व्हायच्या आधी ह्या गड्याला बॉल सोडायची संधी मिळाली होती का? ह्यालाच प्रायर ऑपॉर्च्युनिटी म्हणतात, फूटीवाले नुसतं "प्रायर" म्हणतात. प्रायर होती आणि टॅकल झालं, तर बॉल लगेच आणि बरोबर सुटलाच पाहिजे, नाही सुटला की संपलं. टॅकलच्या धक्क्यानं हातातून उडाला? तरी संपलं. लाथ मारायला गेला आणि पाय हवेत फिरला? तरी पण. तुला वेळ होता ना बाबा, मग तेव्हा काय करत होतास, असा हिशोब.

प्रायर कधी धरायची? बॉल हातात आहे आणि गडी दोन पायांवर नीट स्थिर उभा आहे, तर प्रायर. समोरच्याला चकवायला गेला किंवा हातानं ढकलून बाजूला करायला गेला, तर प्रायर. डोकं खाली घालून समोर उभ्या असलेल्याच्या अंगात घुसला, तरी प्रायर, हे मुद्दाम घातलंय कारण पोरं मान मोडून घेतील म्हणून. ह्यातलं हातानं ढकलणं म्हटलं की रिचमंडचा डस्टिन मार्टिन. 2017, 2019 आणि 2020 अशा तीन ग्रँड फायनलमध्ये (सिझनची अंतिम मॅच) नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे त्या मॅचच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, घेतलेला माणूस, आणि त्याचा तो सरळ हात छातीवर ठेवून समोरच्याला आडवा करणं, त्याला इथे "डोंट आर्ग्यू" म्हणतात. दिसायला जबरदस्त, पण नियमाच्या भाषेत तो प्रत्येक वेळी हात बाहेर काढायचा तेव्हा स्वतःच्या सहीनं लिहून देत होता की मला संधी मिळालेली आहे. हात चुकला आणि मागून कोणी धरलं तर तक्रारीला जागाच नाही. म्हणून मला तो खेळाडू आवडायचा, धोका घेऊन खेळायचा (मी दुसऱ्या टीमचा, बुलडॉग्सवाला असूनही, हे आमच्या घरात मोठ्यानं बोलायचं नाही).

रकमनचं पण सांगायला हवं. पूर्वी बॉल अप झाला, म्हणजे अंपायरनं बॉल वर उडवला, आणि त्यासाठी ठेवलेल्या उंच गड्यानं, हाच रकमन, उडी मारून हवेतला बॉल सरळ हातातच पकडला तर त्याला प्रायर मिळाली असं धरायचे, म्हणजे पकडला की लगेच टॅकल आणि फ्री किक. 2019 पासून ते काढलं. चांगलंच केलं, सहा साडेसहा फुटाचे ते बिचारे, त्यांना बॉल पकडायचीच भीती वाटायची.

आणि प्रायर नसेल तर? समजा गड्यानं खाली वाकून बॉल उचलला आणि त्याच क्षणी कोणीतरी अंगावर पडलं. इथे त्यानं सोडायचा खराखुरा प्रयत्न केला की पुरे. जमला नाही तरी चालतं. टॅकलनं बॉल उडाला तरी खेळ चालू. समोरच्यानंच बॉल त्याच्या छातीशी दाबून धरला आणि हातच हलत नाहीये, तर बॉल अप, अंपायर बॉल वर उडवतो आणि परत सुरू. म्हणजे तो काका जो ओरडत असतो "अरे पडला त्याच्या हातातून, नीट सोडलाच नाही", त्याचं म्हणणं अर्ध्या वेळा नियमात बसतच नाही. हातातून पडणं हा आपोआप गुन्हा नाही. मुद्दाम खाली टाकला तर गुन्हा. बॉलवर झोप घेतली किंवा ओढून पोटाखाली घेतला आणि तिथून बाहेर काढला नाही तर गुन्हा, मग प्रायर असो नसो.

आता दुसरा भाऊ. होल्डिंग द मॅन दोन टोकांना होतं, बॉल यायच्या आधी आणि बॉल गेल्यावर. आधीचं असं की बॉल जमिनीवर घरंगळतोय, दोघं धावतायत, एकजण पोचणार इतक्यात दुसऱ्यानं मागून जर्सी धरली. सोपं आहे, कोणालाही दिसतं. हुशार खेळाडू ह्याचा फायदा घेतात, बॉल उचलतच नाहीत, नुसता हातानं पुढे टोलवतात, कारण उचलला नाही म्हणजे बॉल ताब्यात नाही, आणि समोरच्यानं सवयीनं मिठी मारली की शिट्टी. पावसात मैदान ओलं असेल तेव्हा हे लक्ष देऊन बघा, खाली पडलेले बॉल वेचणारा बुटका क्रंबर टाइप खेळाडू असेल तर हमखास करतो.

फक्त एक अपवाद, आणि इथे भलेभले गडबडतात. पळताना टप्पा पाडला, बॉल हातात नाही, जमिनीकडे चाललाय किंवा परत वर येतोय, आणि तेवढ्यात टॅकल. बघणाऱ्याला वाटतं बॉल नव्हता हातात म्हणजे होल्डिंग द मॅन. नाही! टप्पा पाडत असताना बॉल तुझ्याच ताब्यात धरतात, आणि पळत होतास म्हणजे प्रायर पण होती, म्हणजे होल्डिंग द बॉल. विंगवरून पळत सुटलेला गडी मागून पकडला जातो तेव्हाचा "बॉऽऽल" हा सगळ्यात मोठा असतो आणि तो शंभर टक्के बरोबर असतो. 2008 च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नच्या सिरिल रिओलीनं जीलाँगवाल्यांच्या मागे लागून जे टॅकल केले ते अजून लोक दाखवतात, तेव्हा तो पहिल्याच सिझनचा पोरगा होता. गोल न मारता मॅच फिरवता येते ती अशी.

मग नंतरचं टोक, आणि माझं खरं रडगाणं इथे आहे. गड्याला धरलं, त्यानं त्याच क्षणी हँडबॉल केला, बॉल गेला सुद्धा, पण धरणारा सोडतच नाही, तसाच घेऊन खाली पाडतो, वर एक सेकंद बसून राहतो. ह्या एका टॅकलमध्ये पहिला अर्धा सेकंद कायदेशीर आहे आणि पुढचा अर्धा होल्डिंग द मॅन. आणि पब्लिक कशासाठी ओरडतं? बॉलसाठी. कारण ओरडायला सुरुवात झाली तेव्हा बॉल त्याच्याच हातात होता, ओरड संपेपर्यंत तो वीस मीटर पुढे गेला. हा जो फरक आहे ना तो मला फार खटकतो, होल्डिंग द बॉलला ऐंशी हजार लोकांचा कोरस आहे आणि होल्डिंग द मॅनला कोणीच नाही, फार तर एखादा बारक्या आवाजात "ही डिडन्ट हॅव इट" म्हणतो. अंपायर पण माणूस आहे, ज्या गोष्टीसाठी कानात कोणी बोंबलत नाही ती राहून जाते.

राहून जाण्याचं अजून एक कारण असं की बॉल सोडलेला गडी परत धावून पुढच्या पासला जाणार असतो, फूटीत तेच तर सगळं आहे, दिला आणि पळाला. त्याला दोन सेकंद धरून ठेवलं तर पुढच्या साखळीत एक माणूस कमी. पण बॉल त्याच्या टीमकडेच आहे, अंपायरची नजर बॉलबरोबर पुढे गेलेली, मग हा मागे जमिनीवर पडून हात वर करतोय ते बघणार कोण? टॅग केलेल्या खेळाडूंचं तर रोजचंच. कॉलिंगवूडच्या निक डेकॉससारख्याला एक माणूस पूर्ण मॅच चिकटवलेला असतो, आणि बॉलपासून लांब कोपर, मनगट, जर्सीचं टोक असं काय काय धरलं जातं ते टीव्हीवर येतच नाही, स्टेडियममध्ये जाऊन बघावं लागतं. अडवणं वेगळं बरं का, बॉल 5 मीटरच्या आत असेल तर अंगानं वाट अडवता येते, शेफर्ड म्हणतात त्याला, पण हातानं धरलं की संपलं.

2023 पासून मैदानात 3 च्या जागी 4 फील्ड अंपायर आले. मला वाटलं होतं आता बॉलमागचं पण दिसेल. थोडं दिसतं, खोटं नाही बोलणार. पण मग 2024 मध्ये सिझनच्या मध्येच, जूनमध्ये, एएफएलनं, म्हणजे ही लीग चालवणाऱ्यांनी, सांगितलं की टॅकल झालेल्याला बॉल सोडायला आता कमी वेळ द्यायचा. कारण पटण्यासारखं होतं, प्रायर नसलेल्याला लोक धरून गोल गोल फिरवत होते, डोकं आपटायची भीती. पण अर्ध्या सिझनमध्ये वेळ बदलायचा म्हणजे मार्चमधली मॅच आणि जुलैमधली मॅच वेगळ्या नियमानं, आणि तोटा कोणाला, तर जो खाली वाकून आधी बॉल उचलतो त्याला. माझं मत विचाराल तर आधी बॉलवर जाणाऱ्याला ह्या खेळानं सांभाळलं पाहिजे. दुसरा तर वाटच बघत असतो, ह्यानं उचलला की धरू. वेळ कमी करायचाच होता तर त्याच पत्रकात हे पण लिहायचं की बॉल गेल्यावर पकड सुटली नाही तर लगेच फ्री किक. तराजूचं एकच पारडं खाली केलंत.

ह्यावर कोणी म्हणेल तू बुलडॉग्सवाला, तू बोलूच नको, 2016 ची ग्रँड फायनल आठव, फ्री किक 20 विरुद्ध 8. हो, आठवते. सिडनीवाले ती अजून काढतात आणि काढोत बापडे, आम्ही 22 पॉइंटनी जिंकलो. नुसत्या आकड्यावरून अंपायर कोणाच्या बाजूचा हे ठरवणं मला पटत नाही, कारण आधी बॉलवर पोचणारी टीम जास्त वेळा धरली जाते, आणि जास्त वेळा धरली गेलेली टीम जास्त वेळा चुकीचंही धरली जाते. (त्यातल्या दोनतीन आम्हाला फुकट मिळाल्या, ठीक आहे, मानलं.)

खेळाडू बघून हे नियम जास्त लवकर कळतात. कॉलिंगवूडचा स्कॉट पेंडलबरी, 400 च्या वर मॅच खेळलेला, लहानपणी बास्केटबॉल खेळायचा, त्याला टॅकल होतं तेव्हा त्याचे हात बघा, टॅकल कमरेला लागतं आणि हात आधीच वर गेलेले असतात. हात मोकळे म्हणजे हँडबॉल जाणार, म्हणजे होल्डिंग द बॉल नाहीच, उलट धरणाऱ्यानं उशिरा सोडलं तर तोच अडकतो. आमचा बॉन्टेम्पेली पण तसाच, उंचीचा फायदा घेतो. उलट्या बाजूला गोल्ड कोस्टचा मॅट रॉवेल, 2025 चा ब्राउनलो, म्हणजे सिझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, त्यालाच मिळाला, तो बॉलवर पण पहिला आणि टॅकलला पण पहिला. त्याचं टॅकल बघण्यासारखं असतं कारण तो माणसाला नाही, माणसाचे हात बांधतो, मग बॉल कुठून सुटणार? आणि ब्राउनलोची मतं अंपायरच देतात, प्रत्येक मॅचला 3-2-1, त्यामुळे अंपायरना टॅकल करणारे दिसत नाहीत असं म्हणायला पण आता जागा राहिली नाही.

जीलाँगच्या जोएल सेलवूडचं नाव ह्यात बरेच जण घुसवतात, पण त्याचा विषय वेगळा. तो खांदा उचलून टॅकल मानेवर सरकवायचा आणि हाय टॅकलची फ्री किक घ्यायचा. पुढे कॉलिंगवूडच्या जॅक गिनिव्हननं तेच जास्तच केलं आणि 2022 मध्ये एएफएलला सांगावं लागलं की मुद्दाम खाली वाकून घेतलेला हाय आता मिळणार नाही. तो तिसरा नियम, तो इथे नको.

आमच्या पॉइंट कुक, टार्नीटकडे आता मराठी घरातली पोरं ऑस्किकला, म्हणजे लहान पोरांच्या फूटीला, जायला लागलीत, आणि बाउंड्रीवर उभे आईबाप क्रिकेटच्या सवयीनं अंपायरकडे हात पसरून बघतात. पोरांच्या मैदानात ठीक आहे, पण एएफएलमध्ये 2022 पासून खेळाडूनं असे हात पसरून अंपायरकडे बघितलं तरी 50 मीटरची पेनल्टी लागू शकते. तर हात खिशात ठेवा आणि पुढच्या मॅचला एक करून बघा. टॅकल झालं की बॉलमागे नजर पळवू नका, एक सेकंद टॅकल करणाऱ्याच्या हातांवर ठेवा. बॉल गेला तेव्हा ते हात सुटले का? नसतील सुटले तर तुम्ही तरी ओरडा, "मॅऽऽन!" शेजारचा काका विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या.