पिकॅडिलीचा ‘इरॉस’ इरॉस नाहीच!

लंडनला जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतोच: पिकॅडिली सर्कसचं कारंजं आणि वर एका पायावर तोललेला, धनुष्यवाला पंखधारी मुलगा. खाली ओळ ठरलेली, ‘इरॉस, प्रेमाचा देव’. आपल्याकडे तर सरळ ‘तिकडचा मदन’ म्हणून मोकळे होतात.

तो इरॉस नाही. शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्टने घडवला तो अँटेरॉस, म्हणजे इरॉसचा भाऊ. इरॉस आंधळ्या प्रेमाचा, तर हा निःस्वार्थ प्रेमाचा. असं का? कारण हे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचं स्मारक आहे. बायका आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवण्यावर १८४२मध्ये बंदी आली, ती याच माणसाच्या खटपटीमुळे. गिरण्यांतल्या मुलांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणूनही ते वर्षानुवर्षं भांडले. अशा माणसाच्या डोक्यावर मदन कोण कशाला बसवेल?

१८९३मध्ये अनावरण झालं आणि उघड्या अंगाच्या मूर्तीवरून कुरबुर सुरू झाली. मग ‘ख्रिस्ती करुणेचा देवदूत’ असं सोवळं नावही देऊन पाहिलं. ते कोणाच्याच तोंडी बसलं नाही. धनुष्य दिसलं की लोकांना इरॉसच आठवणार.

मूर्ती ॲल्युमिनियमची आहे, त्या काळी अगदी नवलाईची गोष्ट. खालचं कारंजं मात्र ब्राँझचं. या कामात गिल्बर्टला मिळालं त्याहून कितीतरी जास्त खर्च झाला, आणि १९०१मध्ये त्याचं दिवाळं निघालं.