कच्छच्या आखातातले प्राणीप्लवक आणि वीजकेंद्रांचे गरम पाणी

बडोदा शहराला समुद्र नाही, बडोदा संस्थानाला मात्र होता. द्वारका आणि बेटद्वारका ज्या ओखामंडळात येतात तो कच्छच्या आखाताच्या तोंडावरचा मुलूख १९४९ पर्यंत गायकवाडी होता. दर्शनाला जाणाऱ्या बडोदेकर मराठी मंडळींपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते. तिथल्या शंख-कालवांपासून राज्याला काय मिळू शकेल हे तपासायला सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाला नेमले. त्याच्या अहवालाचे दोन भाग १९०९ आणि १९१६ मध्ये निघाले. त्यात भर होता तो मुख्यतः तळाशी आणि खडकांवर राहणाऱ्या प्राण्यांवर.

पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणीप्लवक, बारीक जाळ्याने गोळा करण्याची रीत त्याआधीची. आयर्लंडच्या किनाऱ्यावर जॉन व्हॉन थॉम्पसन १८२८ च्या सुमारास असे जाळे ओढत होता. खेकड्याची पिल्ले आधी वेगळ्याच रूपात तरंगत असतात, हे त्याने दाखवले. भारताजवळच्या समुद्रात हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. जमवलेल्या नमुन्यांतले प्राणी गटवार वेगळे करण्याचे केंद्र कोचीत होते, आणि १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. मोहिमेचे प्रमाणित जाळे सुमारे ०.३३ मिलिमीटर छिद्रांचे, खुल्या समुद्रात २०० मीटर खोलीवरून वर ओढण्यासाठी बनवलेले. उथळ खाड्यांमधले लहान कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म तरंगते प्राणी, आणि त्यांची पिल्ले त्यातून निसटतात. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने आधी जाळ्याची छिद्रे विचारावीत, हे माझे मत.

आता वीजकेंद्रांकडे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ चे. अशा केंद्रात इंधनातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो, उरलेला बहुतांश कंडेन्सरमार्फत, म्हणजे वापरलेली वाफ थंड करणाऱ्या नळ्यांमार्फत, पाण्यात जातो. त्यासाठी समुद्राचे पाणी अखंड आत घेतात. पाणी आत घेण्याच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यांतून सुटणारे प्लवक त्याच्याबरोबर पंपांत आणि नळ्यांत जातात. तिथे त्यांना तीन धक्के बसतात: पंपाचा मार, एकदम वाढलेले तापमान आणि नळ्यांत शिंपले-बार्नकल धरू नयेत म्हणून सोडलेले क्लोरीन. वाद बहुधा तापमानावर होतो, पण क्लोरीन अनेकदा जास्त घातक ठरते. त्यातही उष्ण कटिबंधातले प्राणी आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाशी जगत असल्याने चार-पाच अंशांची वाढही त्यांना जड जाते.

कोपेपॉडची पिढी उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत बदलते, त्यामुळे त्यांची संख्या लवकर भरून येते. कोळंबी, खेकडे आणि मासे यांच्या पिल्लांचे तसे नाही. ती ठरावीक हंगामात येतात आणि त्याच हंगामात पंपात गेली तर नुकसान कोळ्याच्या जाळ्यापर्यंत पोहोचते. म्हणून एकूण संख्या ‘पूर्ववत’ दाखवणारा तक्ता फारसा कामाचा नाही. कोणत्या जाती उरल्या ते पाहावे लागते.

अमेरिकेने १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात गरम पाणी सोडणे आणि पाणी आत घेणे या दोन्हींसाठी वेगळ्या तरतुदी केल्या. आपल्याकडे १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या, समुद्राचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांना सोडलेले पाणी जिथे मिसळते तिथल्या समुद्राच्या पाण्याचे तापमान मूळ तापमानापेक्षा ७ अंशांहून जास्त वाढू न देण्याची अट आहे. पंपात शिरणाऱ्या जिवांबद्दल ती अट काही बोलत नाही. चीनच्या दाया उपसागरात १९९४ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले आणि तिथे १९८० च्या दशकापासूनच्या पाहण्या हाताशी होत्या, तरीही मत्स्यशेती आणि शहरांचे सांडपाणी यांच्या परिणामापासून केंद्राचा परिणाम वेगळा काढणे अवघडच गेले. उलटा मारही बसतो: २०१३ मध्ये स्वीडनमधल्या ओस्करशाम्न केंद्राची अणुभट्टी जेलीफिशच्या थव्याने बंद पाडली.

कच्छच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर मुंद्र्याला सुमारे ४,००० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प २०१२ पासून सुरू झाला. तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी त्याला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळावर अमेरिकेत दावा लावला. गरम पाण्याने मासळी कमी झाली ही त्यातली एक तक्रार. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी ठरवले की अशा संस्थेला खटल्यांपासून पूर्ण संरक्षण नाही. पाण्यात काय घटले, हा प्रश्न त्या निकालापुढे नव्हताच.