समुद्री कयाक : तळाची घडण आणि वळण

समुद्री कयाक म्हणजे मोकळ्या पाण्यात लांबचा पल्ला गाठण्यासाठी बांधलेली, दोन्ही टोकांना निमुळती, दुपाती वल्ह्याने चालवायची नाव. एकट्याच्या नावेची लांबी साधारण ४.९ ते ५.५ मीटर आणि रुंदी ५३ ते ६० सेंमी असते. ती सरळ जावी म्हणूनच घडवलेली असते, त्यामुळे वळवणे शिकून घ्यावे लागते. पाण्याने नावेची दोन टोके किती धरून ठेवली आहेत, यावर वळण ठरते. तळाचा आकार, सामान आणि नाव कलवण्याची पद्धत, सगळ्यांचा परिणाम तिथेच दिसतो.

नाळेपासून, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत तळाच्या कण्याला जो बाक असतो त्याला रॉकर म्हणतात. बाक जास्त असेल तर टोके कमी बुडतात आणि नाव चटकन वळते. पण वल्ह्यागणिक नाळ डावी-उजवी भरकटते. बाक कमी असेल तर नाव रेषेत चालते, वळायला मात्र कुरकुरते. रॉकर पाहताना नाव सपाट फरशीवर ठेवावी आणि पाणरेषेच्या टोकांशी कणा फरशीपासून किती उचललेला आहे तेवढेच मोजावे. नाळेचे उंच टोक पाहून पुष्कळांची फसगत होते. पाण्याबाहेरची ती उंची वळायला मदत करत नाही, उलट वारा धरते.

सपाट तळ शांत पाण्यात स्थिर वाटतो, पण आडव्या लाटेच्या उताराबरोबर कलतो. व्ही आकाराचा तळ दिशा चांगली धरतो. तळ आणि बाजू मिळतात ती कड धारदार असेल, तर कलवलेली नाव त्या कडेवर टेकून राहते. ग्रीनलंडच्या मूळ रहिवासी इनुइटांच्या कातडी कयाकांची घडण अशीच होती. गोल कडेची नाव सलगपणे कलते आणि लाटांत ती जास्त सुखाची.

तळाचा खरा उपयोग कलवण्यात, म्हणजे एजिंगमध्ये आहे. डावीकडे वळायचे असेल तर डावा गुडघा डेकखाली, म्हणजे नावेच्या वरच्या आवरणाखाली, वर दाबावा, भार उजव्या बाजूवर घ्यावा. कंबरेवरचे अंग सरळच ठेवावे. उजवी बाजू बुडते, टोके सुटतात आणि पाण्यातला आकार स्वतःच डावीकडे वळू लागतो. मग उजवीकडून वल्ह्याचा रुंद फटकारा, म्हणजे स्वीप, मारावा. नाव चालती असताना नाळ पाण्याच्या दाबाने जखडलेली असते, म्हणून फटकाऱ्याचा शेवटचा, पिछाडीकडचा तिसरा हिस्सा सर्वांत कामाचा. नवशिके नेमका तोच अर्धवट सोडतात. लाटांत माथा नावेच्या मध्याखाली आला की वळावे. तेव्हा दोन्ही टोके मोकळी असतात.

चालत्या नावेची पिछाडी सैल असल्याने आडवा वारा तिला ढकलतो आणि नाळ वाऱ्याकडे फिरते. पिछाडीखालचे स्केग नावाचे पाते अर्धे सोडले की बहुधा तोल साधतो. पूर्ण सोडले तर नाळ वाऱ्यापासून दूर जाऊ लागते. सुकाणू बसवण्याआधी सामान तपासावे. पुढच्या कप्प्यातला ५ लिटरचा पाण्याचा कॅन मागे नेला, एवढ्यानेही फरक जाणवतो.

नाशिकला समुद्र नाही. पण गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या जलाशयात हे सगळे पडताळता येते. गोड्या पाण्याची घनता कमी. माणूस, नाव आणि सामान मिळून १२० किलो असतील, तर इथे १२० लिटर पाणी बाजूला सरते, समुद्रात सुमारे ११७. वळण्यात हा फरक जाणवत नाही. इथे उणीव आहे ती मोठ्या लाटांची. पश्चिमेचा वारा सुटला की स्केगचा सराव मात्र उत्तम होतो.

उन्हाळ्यात पॉलिथिलीनची नाव गाडीच्या टपावर पट्ट्यांनी करकचून बांधून उन्हात ठेवू नये. तळ आत दबला की कण्याचा बाक कमी होतो आणि नाव वळेनाशी होते. असा पोचा काढायला पट्ट्या सोडून नाव पालथी करून उन्हात ठेवावी. तळ तापून मऊ पडला की आतून हाताने दाबावे. पाणी ओसरलेल्या काठावरून नाव ओढत नेली तर स्केगच्या खाचेत खडे अडकतात. अशा वेळी स्केगची सरकती कळ जोराने ढकलू नये, आतली तार मुरगळते. पात्याच्या टोकाला भोक पाडून दोऱ्याचा छोटा फास आधीच बांधून ठेवावा, म्हणजे सोबत्याला तो ओढून पाते पाण्यातच मोकळे करता येते.