डायलिसिसवर असताना हिवाळ्यातील हालचाल (ग्वाल्हेर)

हिमोडायलिसिस (मूत्रपिंड निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करणे) चालू असलेल्या रुग्णाने थंडीतही चालणे-फिरणे आणि हलका व्यायाम सुरू ठेवावा. हे डायलिसिस बहुधा आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास चालते. म्हणजे आठवड्याचे १२ तास खाटेवरच जातात. आजारात स्नायू झिजत असतात, अंगात रक्त कमी असल्याने थंडीही इतरांपेक्षा जास्त वाजते. त्यात ग्वाल्हेरचा पौष-माघ म्हणजे दाट धुके आणि शीतलहर. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत मग आजी-आजोबांना रजईतून उठूच देत नाहीत. ही माया खरी आहे, पण दोन महिने असे गेले की फाल्गुनात जिना चढणेही जड होते.

पहाटेचे फिरणे मात्र या दिवसांत सोडावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, धुक्यात धूर अडकलेला असतो. त्यापेक्षा दुपारी १२ ते ३ या वेळात गच्चीवर किंवा फूलबागेत, बोलता येईल इतक्या बेताने १० मिनिटे चालावे आणि झेपेल तसे वाढवावे. डायलिसिस झाल्यावर दाब उतरून चक्कर येते, म्हणून ती वेळ विश्रांतीची. ऊनच पडले नाही तर घरात भक्कम खुर्चीवरून उठ-बस करावी, खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलाव्यात. तेवढ्यानेही मांड्यांत ताकद टिकते.

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातातील रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट. तिच्यावर बोटे टेकली की आत मांजर घुरघुरत असल्यासारखी थरथर लागते. ती रोज, बाहेर पडण्याआधी, पाहावी. लागली नाही तर त्याच घटकेला केंद्राला फोन करावा. थंडीत खरा धोका स्वेटरच्या घट्ट बाहीचा. त्या बाहीची शिवण उसवून टिचबटणे लावून घेतली की हात दाबला जात नाही आणि डायलिसिसच्या वेळी स्वेटर उतरवावाही लागत नाही.

घाम कमी येत असल्याने हिवाळ्यात पाणी अंगात साठते. १ लिटर साठले की काट्यावर १ किलो वाढते. फिरून आल्यावरचा चहा आणि सूपही त्या हिशेबात धरावे. संक्रांतीचा तिळगूळ आणि इथली गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत वडी) यांत फॉस्फरस व पोटॅशियम असते, तेव्हा किती खायची ते आहारतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. बंद खोलीत शेगडी पेटवून व्यायाम कधीही करू नये, विषारी वायू साठतो. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवीही नको, भाजलेले कळत नाही.

धुक्यात गाडी न मिळून डायलिसिसची पाळी चुकली असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा आडवे पडल्यावर दम लागत असेल तर व्यायाम न करता डॉक्टरांना कळवावे.

पोटाच्या डायलिसिसवर (यात नळीने पोटात द्रव भरून रक्त शुद्ध करतात) असलेल्यांनी तो द्रव काढून टाकल्यावर चालावे, जड वजन उचलू नये आणि पोटावरील नळीची जागा लोकरी कपड्यांखाली घामेजली नाही ना, ते पाहावे.