लाल एलईडी आणि लाल जिलेटिनखालचा पांढरा एलईडी

गणपतीच्या मखरापासून एकांकिका स्पर्धेतल्या शेगडीपर्यंत काहीही घरी बनवताना एक प्रश्न हमखास येतो: लाल उजेड हवा असेल तर लाल एलईडी आणावा, की घरात पडलेल्या पांढऱ्या एलईडी पट्टीवर लाल जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, चढवावे? ‘दोन्ही एकच, हाताशी असेल ते लावा’ हे त्याचे ठरलेले उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर सविस्तर लिहिणेच बरे. दोन्ही एकच नाहीत, आणि फरक थोडाथोडका नाही.

जिलेटिन लावण्याबद्दल मुंबईत कोणाला शिकवावे लागत नाही. माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला आकाशकंदील लहानपणापासून आपण पाहत आलो आहोत. आत बल्ब, बाहेर रंगीत कागद, म्हणजे बाहेर रंगीत उजेड. गोंधळाचे मूळ नेमके इथेच आहे. कंदिलातला तो जुना तारेचा बल्ब जाऊन त्याच्या जागी पांढरा एलईडी बल्ब आला, तरी आपली समजूत मात्र तारेच्या बल्बाचीच राहिली.

जिलेटिन उजेडात काहीही मिसळत नाही. ते फक्त अडवते. लाल जिलेटिन म्हणजे निळा आणि हिरवा उजेड गिळून लाल तेवढा पुढे सोडणारी चाळणी. तेव्हा मागून आलेल्या उजेडात लाल असेल तरच पुढे लाल दिसणार. पीठ नसेल तर चाळणीतून काय पडणार? तारेच्या बल्बाच्या उजेडात लाल भरपूर असे, किंबहुना डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांपैकी तोच सर्वांत जास्त असे, त्यामुळे लाल कागदाचा कंदील निखाऱ्यासारखा रसरशीत दिसायचा. पांढऱ्या एलईडीची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आत बसलेली चिप, म्हणजे उजेड देणारा बारीक तुकडा, मुळात निळी असते, साधारण 450 नॅनोमीटर तरंगलांबीची (उजेडाचा रंग या लांबीवरून ठरतो), आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा देणारा लेप, चढवलेला असतो. चिपचा काही निळा उजेड तसाच बाहेर येतो, काहीचे फॉस्फर पिवळ्यात रूपांतर करतो, आणि या दोहोंची बेरीज आपल्या डोळ्यांना पांढरी भासते. कार्यक्षम निळा एलईडी बनवल्याबद्दल 2014 सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले, ते उगाच नव्हे. त्या निळ्याशिवाय हा पांढरा झालाच नसता. परंतु या पांढऱ्यात गडद लाल अगदी तुटपुंजा असतो, आणि निळा व हिरवा यांच्या मध्ये, 480 नॅनोमीटरच्या आसपास, चक्क खड्डा असतो, म्हणजे तिथला उजेड फारच कमी असतो.

विश्वास बसत नसेल तर माळ्यावरची एखादी जुनी सीडी काढावी, अंधारात पांढरा एलईडी पेटवावा आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचे प्रतिबिंब तिरके पाहावे. निळा पट्टा, मग फिकट पडलेली जागा, मग हिरवा-पिवळा रुंद पट्टा आणि लवकरच विझत जाणारा लाल, हे सारे साध्या डोळ्यांनी दिसते. नंतर लाल एलईडी लावून पाहावा. तिथे 625 नॅनोमीटरच्या आसपासचा एकच अरुंद पट्टा असतो. रंगीत एलईडी स्वतःच तेवढा एक रंग तयार करतो. त्याच्या लाल प्लॅस्टिकमुळे उजेड लाल होतो असे अनेकांना वाटते, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ‘वॉटर क्लिअर’ मागितले की पारदर्शक कवचाचा लाल एलईडी मिळतो आणि तोही तितकाच लाल पेटतो, कारण रंग चिपचा असतो.

मी स्वतः एका एकांकिकेसाठी शेगडी केली होती ती कूल व्हाइट, म्हणजे निळसर पांढऱ्या, पट्टीवर स्टेशनरीच्या दुकानातला लाल जिलेटिन पेपर गुंडाळून. हा स्वस्त कागद थोडा निळा उजेडही पुढे सोडतो, आणि कूल व्हाइटमध्ये निळ्याची मुबलकता असते, त्यामुळे शेवटच्या रांगेतून निखारे गुलाबी सरबतासारखे दिसत होते. दुसरा थर चढवल्यावर गुलाबी गेले, पण उजेडही गेला.

तेव्हा शुद्ध लाल, हिरवा किंवा निळा हवा असेल तर त्याच रंगाचा एलईडी घ्यावा. यात मला चर्चेला जागा दिसत नाही. मोरपिशी रंग तर वर सांगितलेल्या खड्ड्यात पडतो, म्हणून तो निळा आणि हिरवा एलईडी शेजारी ठेवून, वर बटर पेपर लावून मिळवावा. जांभळ्यासाठी लाल आणि निळा एकत्र करावेत, कारण पांढऱ्यावर जांभळे जिलेटिन लावले की तो निळाच दिसू लागतो. प्रॉपचे, म्हणजे नाटकातल्या वस्तूचे, कवच आधीच लाल प्लॅस्टिकचे असेल तर आत लाल एलईडीच ठेवावा. त्याचा उजेड जवळपास पूर्ण बाहेर येतो, पांढऱ्याचा बहुतेक आतच अडकतो.

रंगीत एलईडीवर वेगळ्या रंगाचे जिलेटिन लावून तिसरा रंग मिळवण्याचा उद्योग मात्र कृपा करून कोणी करू नये. लालवर पिवळे लावले तर लालच राहतो, हिरवे लावले तर जवळजवळ काळोख होतो. एलईडीला नेलपॉलिश किंवा मार्कर फासणे हा याच उद्योगाचा धाकटा भाऊ आहे, शिवाय तो रंग एकसारखा कधीच बसत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, पांढऱ्याला व निळ्याला 3. म्हणून ते एकाच रेझिस्टरवर (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या सुट्या भागावर) समांतर जोडू नयेत, नाहीतर लाल सगळा प्रवाह घेतो आणि पांढरा पेटतच नाही. तारेच्या बल्बाने जिलेटिन जळायचे, ती भीती छोट्या एलईडीपुढे उरलेली नाही.

जिलेटिनची खरी जागा आहे ती फिक्या आणि उबदार छटांसाठी: अंबर (पिवळसर केशरी), केशरी, पिवळा, जुन्या कंदिलाचा मळकट उजेड. या छटांना लागणारा पिवळा भाग फॉस्फर भरपूर देतो, तर एकाच अरुंद पट्ट्याचा पिवळा एलईडी इथे सपाट आणि सिग्नलच्या दिव्यासारखा वाटतो. समईची ज्योत करायची असेल तर 2700 केल्विनचा वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा एलईडी, घ्यावा, वर फिके अंबर जिलेटिन एकच थर लावावे, आणि बटर पेपरची बारीक सुरळी त्याभोवती सैल ठेवावी. कूल व्हाइटवर तेच अंबर लावून पाहिले, तर ज्योतीला हिरवट झाक येते.