लॉगबुकातला ‘लॉग’: ओंडका, दोरी आणि गाठी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून मालवणापर्यंत कुठल्याही ट्रॉलरच्या केबिनमध्ये जीपीएसवर वेग दिसतो तो नॉटमध्ये. नॉट म्हणजे गाठ, आणि ही गाठ ‘लॉग’च्या दोरीवरची.

लॉग म्हणजे मुळात ओंडका. ‘स्लीप लाइक अ लॉग’ म्हणजे ओंडक्यासारखे निपचित झोपणे. ‘लॉगजॅम’ हा नदीतून वाहत नेलेल्या ओंडक्यांचा तुंबारा. आता रखडलेल्या वाटाघाटींनाही तेच म्हणतात. लॉगबुक आणि लॉगिन मात्र आले जहाजावरून.

दोरीला बांधलेले लाकूड पाण्यात सोडून जहाजाचा वेग मोजायच्या रीतीचे वर्णन इंग्रज गणिती विल्यम बोर्न याने 1574 मध्ये छापले. पुढे रूढ झालेला लॉग म्हणजे चतकोर भाकरीच्या आकाराची फळी. गोल कडेला शिसे ठोकलेले, म्हणजे ती पाण्यात उभी राहते आणि जागची फारशी हलत नाही. ती मागच्या बाजूने सोडायची. सुरुवातीची मोकळी दोरी जाऊ द्यायची, तिच्यावरची चिंधी हातातून गेली की वाळूचे घड्याळ उलटायचे. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी सुटल्या, तितके नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल. मग हिसका दिला की फळीची खुंटी निसटते, ती आडवी होते आणि ओढून घेता येते.

घड्याळ 28 सेकंदांचे असेल तर दोन गाठींत 47 फूट 3 इंच, म्हणजे आठ वावांना (एक वाव सहा फुटांचा) नऊ इंच कमी. त्याआधी 30 सेकंदांना सात वाव, 42 फूट, असा हिशेब होता. तो सागरी मैल 5,000 फुटांच्या आसपास धरून केलेला. इंग्रज गणिती रिचर्ड नॉरवुड याने 1637 मध्ये मैल बराच मोठा असल्याचे दाखवले. तरी पुष्कळ कप्तानांनी जुनी दोरी सोडली नाही. वेग जास्त दिसला तर किनारा अपेक्षेपेक्षा उशिरा येतो. अंधारात खडकावर चढण्यापेक्षा ते बरे!

चुका दोरीत आणि वाळूत. भिजून दोरी आखडली की गाठी जवळ येतात, वेग फुगतो. ताणली की उलट. दमट वाळू सावकाश गळते, तेव्हाही वेग फुगतो. घड्याळाचे भोक झिजून मोठे झाले की वेग कमी भरतो.

आणि एक मोठी मर्यादा: लॉग पाण्यातला वेग सांगतो, जमिनीवरचा नव्हे. खाडीच्या तोंडाशी दीड नॉटची ओहोटी समोरून असेल, तर लॉगवरचे सहा नॉट प्रत्यक्षात साडेचारच. जीपीएस थेट साडेचार दाखवतो, म्हणून नव्या तांडेलांना (बोट चालवणाऱ्यांना) इंजिन कमी ओढतेय असे वाटते.

हे आकडे खडूने लॉग-बोर्डावर, मग वहीत उतरवत, ती लॉगबुक. नोंद करणे म्हणजे ‘लॉग’ करणे, आणि संगणकात आपली नोंद करून आत शिरणे ते लॉगिन. गणितातल्या लॉगॅरिदमचा ‘लॉग’ मात्र वेगळा. स्कॉटिश गणिती जॉन नेपियरने 1614 मध्ये तो शब्द ग्रीकमधून घडवला. त्याचा ओंडक्याशी काही संबंध नाही.